कंपनीची सोयरीक

थाप मारायची तर निदान पाहुणे परत जाईपर्यंत टिकेल अशी मारावी. सरलाने गुरुवारी मारलेली थाप शनिवारी सकाळी, पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आतच, गळायला लागली.

"आज आपण सगळे फोर्टवर जाऊ या," नरेंद्र म्हणाला. "म्हणजे सुमेधाचं ऑफिसही बघून होईल."

सरलाने चहा कपाऐवजी बशीत गाळला. तिच्या या धाकट्या दिराचं घर अमेरिकेतल्या याच बॉथेल गावात, चार गल्ल्या सोडून होतं. दूरच्या प्लेनो शहराचं हे स्थळ त्यानेच आणलेलं. पाहुणे आल्यापासून तो तिसऱ्यांदा नाश्त्याला हजर होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यात काहीतरी नवीन असायचं.

"फोर्टवर काय आहे बघण्यासारखं?" ती म्हणाली. "लाकडाचं कुंपण आणि चार खोपटं. त्यापेक्षा धबधबा बघू."

"धबधबा काल पाहिला, सरलाताई," विनीताताई म्हणाल्या. "दोनदा."

विनीताताई म्हणजे मुलाची आई. त्यांचा आवाज मऊ होता आणि स्मरणशक्ती चांगली होती. ज्यांच्याकडे मुलगी द्यायची त्यांच्यात हे दोन्ही एकत्र असलं की घाम फुटतो. त्यांचे यजमान चंद्रशेखरराव प्लेनोत मोठमोठ्या कंपन्यांना प्रोग्रॅमर पुरवत. मुलगा प्रसन्न त्यांच्याच हाताखाली होता. तो या घडीला एकाग्रपणे पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. रविवारी संध्याकाळी साखरपुड्याची तारीख काढायची आणि सोमवारच्या विमानाने पाहुण्यांनी परत जायचं, असं ठरलं होतं. मधे फक्त हा शनिवार होता, आणि तो धबधब्यावर ढकलायचा सरलाचा बेत होता.

थाप तशी फार मोठी नव्हती. "सुमेधा राज्य सरकारच्या इतिहास खात्यात आहे," एवढंच ती म्हणाली होती. त्यात खोटं काय? फोर्ट राज्याचा होता, इतिहास तिथलाच होता आणि सुमेधा त्यात होती. फक्त ती तिथे दिवसभर काय करते, हे सांगायचं राहून गेलं होतं. त्या एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्याची शताब्दी साजरी होत होती आणि त्यानिमित्त फोर्टवर दर शनिवार-रविवारी दोन वाजता एका जुन्या लग्नाचा प्रयोग व्हायचा. नवरा, फरच्या कंपनीचा स्कॉटिश वखारवाला. नवरी, नदीकाठच्या जमातीच्या प्रमुखाची मुलगी. नवरीच्या वेषात, हरणाच्या कातड्याचा झगा घालून, सरलाची एकुलती एक मुलगी उभी असायची. जूनपासून तिची लग्नं किती झाली हे मोजायचं सरलाने सोडून दिलं होतं.

याआधी दोन स्थळं गेली होती. हर्नडनच्या मुलाला इतिहासात एम.ए. झालेली मुलगी म्हणजे घरात आलेली बेकारी वाटली. दुसऱ्याला काय वाटलं ते त्याने कळवलंच नाही. सुमेधाला सव्विसावं सरत होतं. आणि प्रसन्नशी ती फोनवर हसून बोलायची, हे सरलाने जिन्यातून ऐकलं होतं.

"अगं, बघू देत की," सरलाचे यजमान प्रताप म्हणाले. त्यांना मोठी व्हॅन चालवायला निमित्त लागायचं. "सुचित्रा येणार आहे का रे, नरेंद्र?"

"नाही, ती संध्याकाळच्या पुरणपोळ्यांच्या मागे आहे," नरेंद्रने आपल्या बायकोतर्फे सांगितलं, आणि थाप व्हॅनमध्ये बसायला निघाली.

*

व्हॅनमध्ये पुढे प्रताप आणि चंद्रशेखरराव, मधे दोघी विहिणी (अजून व्हायच्या होत्या), मागे नरेंद्र आणि प्रसन्न. हायवेला लागताच नरेंद्रने मागून कंपनीचा इतिहास सुरू केला. या कंपनीचं नाव लांबलचक होतं, पण ते कुणी विचारलं नाही. कंपनी म्हटलं की मराठी माणसाला नाव विचारायची गरज पडत नाही.

"कंपनी इथे आली तेव्हा काय होतं तिच्याकडे? दोन होड्या, दहा माणसं आणि घोंगड्या. मागितलं काय? जमीन नाही मागितली हां. फक्त एका दुकानापुरती जागा."

"वखार," चंद्रशेखरराव पुढून म्हणाले. "आपल्याकडे सुरतेला मागितली, तशीच."

"करेक्ट! तुम्ही बीव्हरची कातडी आणा, आम्ही घोंगडी देतो, पातेली देतो, सुया देतो. कातडी लंडनला. त्यांच्या तिथे टोप्या."

"म्हणजे आपण ज्यांना टोपीकर म्हणायचो, त्यांच्या टोप्या इथल्या?" प्रसन्नने विचारलं. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"इथल्याच! इकडचा प्राणी संपवायचा, त्याची टोपी करायची, आणि ती घालून तिकडे राज्य करायला जायचं. पण खरी अक्कल पुढे आहे." नरेंद्रचा आवाज खाली आला, जणू धंद्यातली गोम सांगत होता. "माल कोण आणणार? स्थानिक माणसं. ती परक्याला कशाला आणून देतील? म्हणून कंपनी काय करायची, आपल्या माणसाचं लग्न तिथल्या प्रमुखाच्या मुलीशी लावायची. झाला जावई! आता जावयाला नाही कोण म्हणणार? आधी नातं, मग दुकान, मग दुकानातल्यांना खायला म्हणून शेत, शेतावर माणसं, माणसांचं गाव. एक गोळी झाडायला लागली नाही. मास्टरस्ट्रोक!"

"वा!" चंद्रशेखरराव म्हणाले, आणि दोघेही जरा जास्तच हसले.

त्या हसण्याच्या आडोशाने विनीताताई सरलाकडे कलल्या. "एक मात्र छान झालं हो. साखरपुडा झाला की नरेंद्रभावजी आमच्या ह्यांच्याबरोबर भागीदारीत येताहेत. म्हणजे सुमेधाला प्लेनोत माहेरचं माणूस."

"हो ना," सरला म्हणाली.

आधी "हो ना" म्हणायचं आणि मग घाबरायचं, ही तिची लग्नापासूनची रीत होती. कोणती भागीदारी?

फोर्टच्या पार्किंगमध्ये बाकीचे पुढे गेल्यावर तिने प्रतापना गाठलं. ते टायरमधली हवा बघत होते.

"अहो, भावजी चंद्रशेखररावांच्या धंद्यात जाताहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

प्रतापनी टायर दाबून पाहिला. "मला वाटलं, नरेंद्रने तुला सांगितलं असेल."

"आणि त्यांना वाटलं, तुम्ही सांगाल."

"असंच काहीतरी झालं असणार."

"आणि सुमेधाला?"

"तिला तू सांगशील, असं आम्ही धरून चाललो होतो." प्रताप दुसऱ्या टायरकडे वळले. "हे बघ, साखरपुड्यानंतर सही करायची आहे. तोवर कशाला उगाच? चांगलं चाललंय."

"साखरपुड्यानंतरच का?"

प्रताप तिसऱ्या टायरपाशी जाऊन वाकले.

सरला गेटकडे चालू लागली. तिला तिचे सासरे नाना आठवले. नानांचा साताऱ्याला छापखाना होता आणि तिच्या वडिलांची कागदाची वखार. मुलगी बघायला आलेल्या नानांनी तिला तिचं नाव विचारलं, आणि मग तासभर तिच्या वडिलांना कागदाबद्दल विचारलं. लग्नानंतर छापखान्याला कागद कधी कमी पडला नाही. तिचं वाईट झालं असं नाही. प्रताप टायर बघणारे होते, पण भले होते. पण आपण नवरी होतो की कागदाचं रीम, हा विचार तिच्या मनात आला, तोही सत्तावीस वर्षं उशिरा, परक्या मुलखातल्या पार्किंगमध्ये.

*

गेटवर शताब्दीची टोपी घातलेली एक मुलगी प्रत्येकाच्या हातात कापडी पुरचुंडी देत होती. कंपनीने या खोऱ्यात पहिल्यांदा गहू पेरला, त्याची आठवण म्हणून मूठभर गहू. नरेंद्रने दोन घेतल्या.

मैदानात बाकं मांडलेली होती. समोर ओंडक्यांची वखार, तिच्या पायरीशी एक लाकडी स्टूल. सव्वाशे-दीडशे माणसं असतील. त्यांत दोनच साड्या होत्या, आणि त्या दोन्ही पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, कारण चंद्रशेखररावांना मागून नीट ऐकू येत नसे.

"सुमेधाचं केबिन कुठे?" विनीताताईंनी विचारलं.

त्याच वेळी केबिनमधून, म्हणजे वखारीच्या दारातून, सुमेधा बाहेर आली. अंगात तपकिरी झालरीचा झगा, दोन वेण्या, गळ्यात शिंपल्यांची माळ. तिच्या मागोमाग डग आला. डग एरवी शाळेत सुतारकाम शिकवायचा. शनिवार-रविवारी तो चिकटवलेल्या लाल दाढीनिशी वखारवाला मॅक्लीन होत असे. सुमेधाने पहिल्या रांगेकडे पाहिलं, आई दिसली, आईच्या शेजारचं दिसलं, आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. पण ती आईची मुलगी होती. ती हसली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

सरला वाट बघत होती. काय होणार ते एकदाचं होऊन जाऊ दे.

विनीताताईंनी आधी झालर नीट पाहून घेतली. मग म्हणाल्या, "कातडं खरं आहे का हो ते?"

"छे छे! पॉलिस्टर."

"हं," विनीताताई म्हणाल्या. पॉलिस्टरने काहीतरी सावरलं होतं. "आणि मुलीकडचं कुणीच नाही?"

हे मात्र खरं होतं. डगच्या बाजूला कंपनीचे चार कारकून, एक ढोलकीवाला, एक बॅगपाइपवाला. सुमेधाच्या बाजूला ते रिकामं स्टूल. नदीकाठची माणसं अजून नदीकाठीच राहत होती. शताब्दीच्या कमिटीने त्यांना भाग घ्यायला बोलावलं, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारबाईंनी निरोप पाठवला होता: शंभर वर्षांचा आनंद तुमचा आहे, तुम्हीच साजरा करा. कमिटीने मग तिकीट खिडकीवरच्या सुमेधाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवरी ठरवली. तिने त्या म्हातारबाईंना जाऊन विचारलं, मी करू का? त्या म्हणाल्या, तू नाही केलंस तर ते एखादीला रंग फासून उभी करतील, त्यापेक्षा तू कर. पण बापाचं काम कुणाला देऊ नका. म्हणून स्टूल. सुमेधाने हे घरी जेवताना सांगितलं होतं. त्या वेळी सरला तिला "आमटी घे" म्हणाली होती.

लग्न सुरू झालं. कारकुनांनी एकेक घोंगडी आणून रिकाम्या स्टुलावर रचली. मग पितळी पातेलं. मग सुया. "रुखवत उलटं आहे," विनीताताई पुटपुटल्या, पण वाकून बघत होत्या. डगने सुमेधाचा हात धरला. ढोलकी हळूहळू वाढत गेली. मोठा कारकून खणखणीत आवाजात काहीतरी म्हणू लागला. ते काय होतं ते देव जाणे. पण त्याला लय होती, शेवटचा शब्द ताणून म्हणायची पद्धत होती, आणि तो शब्द संपला की ढोलकीवर एक थाप पडायची.

आता कुणाला दोष द्यायचा? समोर नवरा-नवरी उभी. कुणीतरी ताणून म्हणतंय. हातात धान्य. विनीताताईंच्या मनगटात चाळीस वर्षांची लग्नं होती. तिसऱ्या थापेला तो हात आपणहून वर गेला आणि मूठभर गहू सुमेधाच्या डोक्यावर पडला.

चंद्रशेखररावांनी टाकला. प्रतापनी टाकला. नरेंद्रने दोन्ही पुरचुंड्या टाकल्या. मागच्या अमेरिकन रांगांना वाटलं, हे असंच असतं. तिथूनही पाऊस सुरू झाला. डगच्या दाढीत गहू अडकला. बॅगपाइप वाजला. टाळ्या झाल्या.

फक्त दोघांनी टाकला नव्हता. सरलाच्या मुठीत गहू तसाच होता. आणि प्रसन्नची पुरचुंडी मांडीवर तशीच बांधलेली होती.

विनीताताईंनी आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी काय केलं हे?"

"काही नाही हो, नाटक आहे," सरला म्हणाली.

"पडल्या ना पण अक्षता! माझ्या हातून! माझ्याच होणाऱ्या सुनेवर, आणि शेजारी हा दाढीवाला!"

"अक्षता तांदळाच्या असतात," नरेंद्र घाईघाईने म्हणाला. "गव्हाच्या धरत नाहीत."

"आमच्या सोलापूरला ज्वारीच्या टाकतात," चंद्रशेखरराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, विशेषतः गरज असेल तेव्हा. "गहू त्याच्या वरचाच झाला."

"अहो, पण हळद कुठे होती गव्हाला?" प्रतापनी तांत्रिक मुद्दा काढला.

"देवाब्राह्मणांचं सोडा," विनीताताई म्हणाल्या. "माझ्या मनाला लागलं त्याचं काय? अपशकुन म्हणतात याला."

सरलाला वाटलं, संपलं. तिसरंही गेलं. नरेंद्रने मग सगळ्यांना खाली बसवायला हात हलवले, जणू व्याख्यान त्याचंच होतं. "शांत व्हा. मला सांगा, याच लग्नावर हे सगळं राज्य उभं राहिलं की नाही? शुभच आहे! असंच आपलंही होईल."

आपलंही. सरलाने दिराकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. वखारवाला मॅक्लीन याच्यासारखाच असणार, तिला वाटलं. नाकीडोळी नीटस, बोलायला गोड, आणि मनापासून.

डग पुढे येऊन कुणाला काही प्रश्न आहेत का, असं विचारत होता. मागून कुणीतरी बीव्हरचं मांस खातात का ते विचारलं. एका लहान मुलीने ढोलकी वाजवायला मागितली. आणि मग पहिल्या रांगेतली एक साडी उभी राहिली. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढून सरलाने चारचौघांत कधी हात वर केला नव्हता. शाळेच्या मीटिंगमध्येही नाही.

"वहिनी, बसा," नरेंद्र कुजबुजला.

इंग्रजी शब्द ऐन वेळी पळून गेले. ती मराठीतच बोलली.

"तिला कुणी विचारलं होतं का? ह्या नवरीला?"

सुमेधा आईकडे बघत राहिली. मग तिने लोकांना प्रश्न इंग्रजीत सांगितला, इंग्रजीतच उत्तर दिलं. आणि मग तेच, अडखळत, आईसाठी.

"विचारलं असणार, आई. शी वॉज नॉट स्टुपिड. तिला पातेलं हवं होतं, सुया हव्या होत्या. तिच्या लोकांना वाटलं, आता हा जावई, म्हणजे आता हा आपला. आपलं माणूस आपली जमीन विकत नाही ना? कंपनीला वाटलं, दार उघडलं. दोघं एकाच ठिकाणी उभे होते, पण... दोन डिफरंट लग्नांत."

"मग?"

"मग शेत. मग वॅगन घेऊन लोक आले, कंपनीने त्यांना बियाणं दिलं, राहा म्हटलं. पुढे सरहद्द ठरली. कंपनीने आपला हक्क गव्हर्न्मेंटला विकला, मॅक्लीन स्कॉटलंडला गेला. त्या वेळी तिला नाही विचारलं. तिची मुलं इथेच होती. तो सीन मी लिहिलाय. कमिटी म्हणते, शताब्दी आहे, लग्नावर संपवा."

सगळं मैदान सरलाकडे बघत होतं. रविवार अजून हातात होता. खाली बसलं, "छान हो" म्हटलं, गहू हळदीवाचूनचा होता हे विनीताताईंना पटवलं, तर तारीख निघू शकत होती. तिला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. ती उभीच राहिली.

"सुमेधा," ती म्हणाली, "तुझ्या काकांची आणि चंद्रशेखररावांची भागीदारी ठरली आहे. तुझा साखरपुडा झाला की सही. मला आज कळलं. तुला ठाऊक आहे?"

बॅगपाइपवाल्याने बॅगपाइप खाली ठेवला. सुमेधा पायरी उतरून पहिल्या रांगेसमोर आली. केसांत गहू तसाच.

"नो," ती म्हणाली. मग प्रसन्नकडे वळली. "तुला?"

"हो," प्रसन्न म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे. तू फोनवर काही बोलली नाहीस. म्हटलं, यू आर ओके विथ इट."

"मला ठाऊकच नव्हतं, तर मी काय बोलणार?"

"बेटा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," चंद्रशेखरराव म्हणाले.

"वेगळ्या आहेत, काका? मग एक कॅन्सल करा. कुठलीही. मला चालेल."

चंद्रशेखरराव आणि नरेंद्र एकमेकांकडे बघू लागले. अमेरिकन प्रेक्षकांच्या माना आळीपाळीने इकडून तिकडे वळत होत्या. भाषा कळत नव्हती, पण लग्न असल्यावर पुढे हे होतंच, हे त्यांनाही माहीत असावं.

"अहो, बोला ना," विनीताताई नवऱ्याला म्हणाल्या.

चंद्रशेखररावांनी चष्मा काढून पुसला. चांगलाच वेळ पुसला. विनीताताई तो पुसून व्हायची वाट बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून अक्षतांचं दुःख हळूहळू निघून जाऊन तिथे दुसरंच काही येत होतं.

"याला एवढा विचार करावा लागतो तुम्हाला?" त्या म्हणाल्या, पदर सावरत उठल्या, आणि सरलाच्या पलीकडे जाऊन बसल्या.

"वहिनी, तुम्ही माझं घर बुडवलंत!" नरेंद्र उभा राहिला. त्याचा नेहमीचा गोड आवाज फाटला होता. "तुमच्या मुलीचं वाईट करत होतो का मी? मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. त्यात माझंही थोडं झालं असतं तर? माझी नोकरी गेलीय! झालं समाधान? दादाला विचारा!"

प्रतापनी मान खाली घातली. इथे टायर नव्हते.

नरेंद्र खाली बसला, पुन्हा उठला, आणि एकटाच गेटकडे चालू लागला. पुढची गोष्ट त्याने चालता चालता, मागे न बघता केली. हात हवेत आडवा फिरवून तो म्हणाला, "चंद्रशेखरराव, सही नाही. राहू दे. मुलीचं होऊ दे."

"हे तुम्ही म्हणायला हवं होतं," विनीताताई नवऱ्याला म्हणाल्या.

प्रसन्न सुमेधासमोर येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

"मलाही तसं कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"बरं, मी विचारते."

"हो म्हणेन. पण इथे नको. लोक बघताहेत, यार."

सुमेधा हसली. जिन्यातून ऐकू यायचं, तेच हसू. "आणि तो शेवटचा सीन? मी तो करणार आहे. नोकरी गेली तरी."

"मग मी पुढच्या शनिवारी परत येतो," प्रसन्न म्हणाला. "तो बघायला."

मागच्या रांगेतल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. कमिटीला नंतर कळलं, की त्या दिवशीचा प्रयोग लोकांना सगळ्यांत जास्त आवडला.

*

परतताना व्हॅनमधल्या जागा आपोआप बदलल्या. विनीताताई पुढे प्रतापांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला मधल्या सीटवर मुलापाशी पाठवलं. सुमेधा सहाला सुटणार होती. तारखेचा विषय कुणी काढला नाही. पण विनीताताईंनी "पुढच्या शनिवारी मीही येईन म्हणते" असं म्हटलं, आणि सरलाच्या छातीवरचा एक दगड किंचित सरकला.

दुसरा मागच्या सीटवर बसला होता. सरला त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"भावजी, नोकरी कधी गेली?"

नरेंद्र खिडकीबाहेर बघत होता. "मार्चमध्ये."

"मग रोज सकाळी टाय लावून कुठे जात होतात?"

"लायब्ररीत." तो थांबला. "इतिहासाच्या विभागात हीटर चांगला आहे. या कंपनीवरचं सगळं वाचून झालं."

मास्टरस्ट्रोक म्हणणारा हा माणूस पाच महिने तिथे टेबलाशी बसून दुसऱ्याच्या धंद्याची पुस्तकं वाचत होता, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. ते काही तिला हाकलून देता येईना. त्याच्यावरचा राग खरा होता आणि हेही खरं होतं. दोन्ही घेऊनच बसावं लागणार होतं.

"वहिनी, एक करा. सुचित्राला सांगू नका. तिला काही ठाऊक नाही. मी नीट वेळ बघून सांगेन."

"तिला ठाऊक आहे."

"शक्यच नाही. मी एक अक्षर बोललो नाहीये."

"भावजी, डबा रोज तीच देते ना?"

"हो."

"मार्चपासून ती मला फोन करून कोरड्या भाज्यांच्या कृती विचारते आहे. रस्सा नको, आमटी नको, वास येईल असं काही नको म्हणते. पुस्तकांवर सांडेल म्हणून. मलाच कळेना, ऑफिसात एवढी पुस्तकं कसली."

नरेंद्र तिच्याकडे वळला. मग पुन्हा खिडकीकडे वळला, आणि घर येईपर्यंत तिकडेच बघत राहिला.